आखाजीचा झोका आणि थंड अणूंचा ढग

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हटली की झोका आलाच. ऊन असं की जळगावचा पारा ४५ च्या आसपास मुक्काम ठोकून असतो, मेहरूण तलावाचं पाणी दिवसागणिक आत सरकत जातं, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. तरी ऊन कललं की माहेरी आलेल्या पोरीबाळी निंबाखाली जमतात, फांदीला दोर बांधतात आणि उंच उंच झोके घेतात. आता एक साधा प्रश्न. भरात आलेला झोका थांबवायचा असेल तर कुठे थांबवाल? वरच्या टोकाला हात लावून फारसं काही होत नाही, तिथे झोका क्षणभर स्वतःच थांबलेला असतो. लहान पोरसुद्धा जाणतं की पाय घासायचे ते झोका अगदी खाली आल्यावर, जिथे त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. धूळ उडते, चप्पल झिजते, आणि चार-सहा फेऱ्यांत झोका शांत होतो.

बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत गेल्या दशकात आयनांच्या बाबतीत जवळपास हेच करून दाखवलं गेलं. तिथे झोका होता विद्युतभारित अणूचा, आणि पाय घासायची जमीन होती अतिशीत अणूंचा तिळाएवढा ढग. हा प्रयोग मला प्रथम समजला तो सूत्रांतून नव्हे, झोक्यावरून. म्हणून सुरुवातही तिथूनच.

आधी थंडीबद्दल. आपले ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ३१८ केल्विन. केल्विन मोजपट्टीचा शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला येतो, त्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही. ताऱ्यांमधल्या रिकाम्या पोकळीतही विश्वाच्या जन्मकाळचं जुनं प्रारण भरून राहिलेलं आहे, आणि त्याचं तापमान २.७ केल्विन भरतं. प्रयोगशाळेतला अतिशीत अणूंचा ढग याच्याही खूप खाली असतो, साधारण एका केल्विनच्या दहा हजाराव्या भागावर. गंमत अशी की त्यासाठी बर्फ लागत नाही, फ्रीज लागत नाही. काचेच्या खिडक्या असलेलं पोलादी भांडं खोलीच्याच तापमानाला असतं, बाहेरून हात लावला तर कोमटसुद्धा वाटेल. आत मात्र हवा जवळपास नाहीच. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तुलनेत सात-आठ लाख कोटी पटींनी कमी दाब असतो, आणि त्या पोकळीच्या मधोमध तो ढग कशालाही न टेकता तरंगत असतो. भांड्याच्या भिंतीला अणू टेकला की तो पुन्हा तापला, म्हणून टेकू द्यायचाच नाही.

अणू थंड करायचा म्हणजे त्याचा वेग काढून घ्यायचा. हे काम प्रकाश करतो. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलांना बोरन्हाण घालतात. मेहरूणची बोरं नावाजलेली, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी बोरांना तोटा नसतो. पाटावरच्या बाळाच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा ओतायचा. समजा बाळ पाटावर बसलेलं नाही, ते गाडीवर बसून भरधाव आपल्याकडे येतंय आणि आपण समोरून एकेक बोर त्या गाडीवर मारतोय. एका बोराने काय होणार? रुबिडियमचा अणू खोलीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. लेसरच्या एका प्रकाशकणाच्या धक्क्याने त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ६ मिलिमीटरने घटतो. म्हणजे त्याला थोपवायला सुमारे पन्नास हजार बोरं हवीत. पण अणूवर प्रकाशकणांचा मारा सेकंदाला कोटीच्या हिशेबाने करता येतो, त्यामुळे हा सगळा कारभार काही सहस्रांश सेकंदांत आटोपतो.

अडचण एवढीच की बोरं फक्त समोरून लागली पाहिजेत. पळणाऱ्याला मागून मारलं तर तो आणखी जोरात पळेल. त्यावरचा तोडगा जळगाव स्टेशनात उभं राहिल्यावर कळतो. भुसावळकडून येणारी गाडी शिट्टी देत जवळ येते तेव्हा शिट्टीचा सूर चढलेला ऐकू येतो, आणि गाडी पुढे निघून गेली की तोच सूर उतरतो. प्रकाशाचंही तसंच. लेसरचा सूर अणूला आवडणाऱ्या सुरापेक्षा किंचित खालचा ठेवायचा. मग जो अणू लेसरच्या दिशेने धावतोय त्याला तो सूर चढून बरोबर लागतो आणि तो प्रकाश गिळतो. दूर पळणाऱ्याला तो सूर ऐकूच येत नाही. सहा बाजूंनी सहा लेसर सोडले की अणू कुठेही पळो, समोरून मार ठरलेला. त्याला चुंबकीय क्षेत्राची जोड दिली की अणू मध्यभागी गोळाही होतात. लेसरने असं थंड करण्याची कल्पना १९७५ मध्ये थिओडोर हेन्श आणि आर्थर शॉलो यांनी अणूंसाठी मांडली, त्याच वर्षी डेव्हिड वाइनलँड आणि हान्स डेमेल्ट यांनी आयनांसाठी. १९८७ मध्ये पहिला प्रकाश-चुंबकी सापळा चालला. १९९७ चं नोबेल स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना याच कामासाठी मिळालं.

आता आयन. अणूतला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो धनभारित आयन. त्याला विजेच्या क्षेत्राने ढकलता येतं, ओढता येतं, म्हणून तो पकडायला सोपा असेल असं वाटतं. तसं नाही. सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच सिद्ध केलं होतं की स्थिर विद्युतभार कसेही मांडले तरी त्यांच्या बळावर एखादा भार एका जागी स्थिर धरून ठेवता येत नाही. एका दिशेने खळगा केला की दुसऱ्या दिशेने उतार होतोच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्यांच्या पाठीवर दिसणारं खोगीर आठवा. त्यावर गोटी ठेवली तर पुढे-मागे ती घरंगळत नाही, पण डाव्या-उजव्या बाजूला लगेच पडते. वोल्फगांग पाउल या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात यावर नामी युक्ती काढली. खोगीरच गरगर फिरवायचं. गोटी पडायला लागेपर्यंत पडायची बाजू वर आलेली असते, आणि वेग नेमका साधला तर गोटी मध्यावरच डुगडुगत राहते. प्रत्यक्षात चार दांड्यांवरचा विद्युतदाब सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केला जातो. पाउल यांना १९८९ मध्ये डेमेल्ट आणि नॉर्मन रॅम्झी यांच्यासोबत नोबेल मिळालं. या सापळ्याची पकड जबरदस्त असते. अणूंचा सापळा फार तर एखाद्या केल्विनएवढ्या चपळाईचे अणू धरून ठेवू शकतो. आयनांचा सापळा मात्र हजारो केल्विनच्या आयनालाही सुटू देत नाही.

म्हणजे एकाच भांड्यात, एकाच मध्यबिंदूवर, एक सापळा दहा हजारांश केल्विनच्या ढगासाठी आणि दुसरा हजारो केल्विनच्या बेभान आयनांसाठी. हा संसार थाटायचा कशासाठी? प्रत्येक आयन लेसरने थंड होत नाही, हे एक कारण. पोटॅशियमचा एक इलेक्ट्रॉन काढला की बाकीची रचना अरगॉनसारखी होते, रुबिडियमची क्रिप्टॉनसारखी, सिझियमची झेनॉनसारखी. हे सगळे उदासीन वायू, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे. त्यांच्यासारखा झालेला आयन साध्या लेसरला दाद देत नाही. तो प्रकाश गिळत नाही, म्हणून थंड होत नाही, आणि प्रकाश सोडत नाही, म्हणून दिसतही नाही. अशा आयनाला थंड करायचं तर थंड शेजाऱ्याशी टक्कर घडवणं हाच मार्ग. तापलेलं दूध गार पाण्याच्या परातीत ठेवतो तसंच हे, फक्त इथे परातही अदृश्य आणि भांडंही.

दुसरं कारण मला जास्त भुरळ घालतं. आयन अणूच्या जवळ आला की अणू तटस्थ राहूच शकत नाही. त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग आयनाच्या बाजूला झुकतो, एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते, आणि दोघांत ओढ निर्माण होते. दोन तटस्थ अणूंना एकमेकांची जाणीव होते ती काही नॅनोमीटरवर. आयनाची हाक अतिशीत अणूला शंभर नॅनोमीटरच्याही पलीकडे ऐकू जाते. पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये, अणूच्या रचनेचं ठोस चित्र कुणापाशीच नसताना, या ओढीचा हिशेब मांडला. त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली. आयन अणूला किती वेळा गाठेल याचा दर त्यांच्या वेगावर अवलंबून नाही. सावकाश जाणारा आयन दुरून ओढ घेतो, वेगवान आयन जास्त अणूंजवळून जातो, आणि दोन्हींची फिट्टंफाट होते.

हे शंभर वर्षांनी तपासून पाहिलं गेलं. आयनांचा आणि अणूंचा सापळा एकावर एक बसवायची सूचना अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचे विन्थ्रॉप स्मिथ यांनी या शतकाच्या सुरुवातीला केली होती. २००९ मध्ये एमआयटीत व्लादान वुलेटिच यांच्या गटाने इटर्बियमचे आयन आणि इटर्बियमचेच अणू एकत्र ठेवले, आणि टक्करीची ऊर्जा हजार पटींहून जास्त बदलूनही दर लांजव्हँच्याच सूत्राप्रमाणे येतो असं दाखवलं. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये मिखाएल कोल यांच्या गटाने इटर्बियमचा एकच आयन रुबिडियमच्या बोस-आइन्स्टाइन कंडेन्सेटमध्ये सोडला. कंडेन्सेट म्हणजे अणू इतके थंड की सगळे मिळून एकाच लाटेसारखे वागू लागतात. सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या लेखातून उगवलेली ही कल्पना १९९५ मध्ये प्रत्यक्षात आली. अणू इतके थंड करण्याचा शेवटचा टप्पा आपल्या माठासारखाच असतो. जास्त तापलेले अणू निसटून जाऊ द्यायचे, उरलेले आपोआप गार होतात. जर्मनीतल्या उल्मला पुढे स्थिरावलेल्या योहानेस हेकर डेन्श्लाग यांच्या गटाने त्याच सुमारास बेरियमचा आयन घेऊन तसाच प्रयोग केला.

आणि आता मुख्य अडचण. फिरतं खोगीर आयनाला धरून ठेवतं, पण त्याची किंमत वसूल करतं. सापळ्याच्या अगदी मध्यभागी हे कंप पावणारं क्षेत्र शून्य असतं. मध्यापासून जितकं दूर जावं तितकं ते वाढतं, आणि तिथे आयनाला क्षेत्राच्या तालावर सतत थरथरावं लागतं. म्हणजे आपला झोका मागे-पुढे जातोय, आणि दोन्ही टोकांना जाईल तसा दोरही जास्त जास्त थरथरतोय. खाली मध्यावर थरथर नाही, टोकांना जोरात. ही थरथर म्हणजे उष्णता नव्हे, कारण ती तालात आहे. लेझीम पथकातला मुलगा हलगीच्या ठेक्यावर भरपूर हालचाल करतो, पण त्याच्या हालचालीत गोंधळ नसतो. ठेक्यावर पुढे गेलेला ठेक्यावरच मागे येतो, हिशेब चुकता. आता नाचताना त्याला कुणीतरी धडकलं तर? धडकणारा चिमुरडा असेल तर पाऊल थोडं चुकतं आणि सावरतं. एखादा दांडगा गडी धडकला तर ठेकाच सुटतो, तो कुठेतरी भलतीकडे फेकला जातो, आणि हलगी तर वाजतच असते. ती त्याला पुन्हा नवा जोर देते. आयनाचंही तसंच होतं. धक्क्यात थरथरीची ताल धरलेली ऊर्जा बेताल धावण्यात बदलते, आणि क्षेत्र नवी थरथर पुरवतं. धडका मिळत जातात आणि आयन थंड होण्याऐवजी तापत जातो.

भौतिकशास्त्रज्ञ मेजर आणि डेमेल्ट यांनी १९६८ मध्ये याचा नियम बांधला. अणू आयनापेक्षा हलका असेल तर आयन थंड होतो. दोघांचं वस्तुमान सारखं असेल तर ना नफा ना तोटा. अणू जड असेल तर आयन तापतो आणि शेवटी सापळ्याबाहेर फेकला जातो. त्यामुळे आयनांना गारवा द्यायला वर्षानुवर्षं हेलियम वापरला गेला, कारण तो हलका. आणि लेसरने सहज थंड होणारे अणू कोणते? रुबिडियम, सिझियम. म्हणजे दांडगेच.

नियम चुकीचा नव्हता. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि ती इतकी साधी की कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये. गारवा देणारा वायू सगळ्या भांड्यात सारखा पसरलेला आहे, असं ते गृहीतक होतं. हेलियम भांड्यात सोडला तर तो सगळीकडे पसरणारच. त्यामुळे टक्कर मध्यावरही होते आणि टोकांनाही, आणि टोकाची टक्कर घात करते.

लेसरने थंड केलेला ढग मात्र पसरत नाही. तो तिळाएवढा असतो आणि हवा तिथे ठेवता येतो. तो नेमका सापळ्याच्या मध्यबिंदूवर ठेवला तर? आयन लांबच लांब झोके घेईल, टोकांना थरथरेल, पण तिथे त्याला धडकायला कुणीच नसेल. अणू भेटतील ते फक्त मध्यावर, जिथे थरथर जवळपास शून्य आणि झोक्याचा वेग सर्वाधिक. तिथल्या प्रत्येक धडकेत तो वेग गमावेल. झोका लहान होईल, लहान झाला की तो ढगातच जास्त वेळ राहील, आणखी धडका, आणखी लहान झोका. पाय खाली घासायचे, वर नाही, ही आखाजीच्या झोक्यावरची अक्कल. मग अणू जड असला तरी बिघडत नाही. या प्रयोगांनी दाखवलं ते माझ्या मते हेच, की गारवा किती आहे यापेक्षा तो कुठे ठेवला आहे याला जास्त महत्त्व आहे.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ मध्ये उभारलेल्या या संस्थेत सादिक रंगवाला यांचा गट हे काम करत आला आहे. के. रवी, सुंगह्यून ली, अरिजित शर्मा, माइंत्सचे आयनतज्ज्ञ गुंटर वेर्थ आणि रंगवाला यांचा लेख २०१२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. आयन रुबिडियमचे, अणूही रुबिडियमचेच, म्हणजे वस्तुमान सारखं. जुन्या नियमानुसार ना नफा ना तोटा व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात आयन थंड झाले आणि सापळ्यात स्थिर राहिले.

खरी कसोटी त्यापुढची होती. २०१७ मध्ये सौरव दत्ता, राहुल सावंत आणि रंगवाला यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये जो प्रयोग मांडला, त्यात आयन होता पोटॅशियम-३९ चा आणि ढग रुबिडियम-८५ चा. अणू आयनापेक्षा दुपटीहून जड. जुन्या हिशेबाने हा उघड आत्मघात. पण मध्यावर ढग असताना पोटॅशियमचे आयन सापळ्यात जास्त काळ टिकले, ढग काढून टाकला की लवकर निसटले. खातरजमा म्हणून वेगळ्या मांडणीत रुबिडियमचे आयन त्याहून जड अशा सिझियम-१३३ च्या ढगात ठेवून पाहिले. निकाल तोच. हायडेलबर्गच्या एका गटाने २०१६ मध्ये गणिताच्या बाजूने असंच काही सांगितलं होतं, की अणूंचा ढग आकसून मध्यावर ठेवला तर वस्तुमानाची जुनी मर्यादा ओलांडता येते.

‘टिकले’ हा शब्द इथे नीट वाचायला हवा. हे आयन दिसत नाहीत हे आधी सांगितलंच आहे. त्यामुळे त्यांना थर्मामीटर लावायची सोय नाही. ठरावीक वेळ त्यांना कोंडून ठेवायचं, मग सापळा एका बाजूने उघडून उरलेले आयन बाहेर खेचायचे आणि गणकावर मोजायचे. पुन्हा भरायचं, जास्त वेळ थांबायचं, पुन्हा मोजायचं. काळोख्या कोठडीतली मेंढरं सकाळी दारातून बाहेर काढून मोजावीत तसं. जास्त उरली, तर आत पळापळ कमी होती. आयन नेमके किती अंशांवर आले हे अशा मोजणीतून थेट कळत नाही. ते थंड होत आहेत एवढं मात्र निर्विवाद कळतं. अतिशीत अणूंच्या सोबतीत राहिले म्हणून आयनही अतिशीत झाले, असं कुठे वाचलंत तर थोडं थांबून विचार करा. ढगाचं तापमान आणि आयनाचं तापमान यांत अजून पुष्कळ अंतर असतं.

थंड होण्याचा आणखी एक मार्ग याच प्रयोगांत सापडला, आणि तो खो-खोसारखा आहे. वेगाने धावणारा सिझियम आयन थांबलेल्या सिझियम अणूच्या जवळून जातो. दोघांत फरक फक्त एका इलेक्ट्रॉनाचा. जाता जाता तो इलेक्ट्रॉन अणूकडून आयनाकडे उडी मारतो. झालं, धावणारा आता तटस्थ अणू झाला, विजेच्या सापळ्याची त्याच्यावरची पकड सुटली, तो निघून गेला. आणि जो बसलेला होता तो आयन झाला, सापळ्यात अडकला, पण बसल्या जागी. खो मिळाला, मात्र पाळी घेणारा उठलाच नाही! एका क्षणात वेगवान आयनाच्या जागी मंद आयन आला. टकरा घेत घेत जे हळूहळू व्हायचं ते एका इलेक्ट्रॉनाच्या उडीने साधलं. २०१२ च्या रुबिडियमच्या प्रयोगातही या अदलाबदलीचा हात होता. दत्ता आणि रंगवाला यांनी २०१८ मध्ये सिझियमचे आयन एकदा सिझियमच्या ढगात आणि एकदा रुबिडियमच्या ढगात थंड करून दोन्हींची तुलना केली. सिझियमला सिझियमशी खो-खो खेळता येतो, रुबिडियमशी तितक्या सहज नाही. तुलनेतून निघालं की एका अदलाबदलीत होणारं थंडावणं साध्या धडकेपेक्षा जवळपास शंभर पट प्रभावी असतं. हा प्रयोग मला फार देखणा वाटतो. नवं यंत्र नाही, फक्त शेजारी बदलून पाहिला आणि दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

या सगळ्याचा उपयोग काय? अशा लेखात इथे क्वांटम संगणकाचं नाव घ्यायची प्रथा आहे. आयनांचे संगणक आहेतच, आणि हिशेब चालू असताना आयनांना न विस्कटता गार ठेवायला थंड अणूंची सोबत उपयोगी पडेल अशी आशाही आहे. पण मला जवळचं वाटतं ते रसायनशास्त्र. ताऱ्यांमधल्या थंड, विरळ मेघांत बरेच रेणू तयार होतात ते आयन आणि तटस्थ अणू-रेणू यांच्या भेटीतून, कारण तिथल्या थंडीत दोन तटस्थ कणांना एकमेकांशी अभिक्रिया करायला बळच उरत नाही. आयन मात्र लांजव्हँच्या हिशेबाप्रमाणे कितीही थंडीत ओढून घेतो. तीच भेट पोलादी भांड्यात, एकेक आयन मोजत पाहता येणं ही मोठी गोष्ट आहे.

तापमानात आणखी खाली, जिथे टक्कर म्हणजे दोन गोट्यांची धडक न राहता दोन लाटांची भेट होते, तिथे जायला पुन्हा जुना नियम आडवा आला, वेगळ्या वेषात. २०१२ मध्ये वुलेटिच यांच्या गटाने दाखवलं की आयन अगदी मध्यावर बसवला तरी जवळ येणारा अणू आपल्या ओढीने त्याला मध्यावरून किंचित हलवतो, आणि तेवढ्यानेही थरथर आत शिरते. अणू जितका हलका तितकं हे कमी. म्हणून ॲमस्टरडॅममध्ये रेने गेरिट्स्मा यांच्या गटाने इटर्बियमचा जड आयन आणि त्याच्यासमोर लिथियम-६ चे अणू, वस्तुमानात जवळपास तीस पटींचा फरक, अशी जोडी निवडली आणि २०२० मध्ये त्या लाटांच्या राज्यात पाऊल ठेवलं. फ्रायबुर्गमध्ये टोबियास शेट्स यांच्या गटाने बेरियमचा आयन आणि लिथियमचे अणू घेतले, आणि २०२१ मध्ये चुंबकीय क्षेत्र कमीजास्त करून त्यांच्यातली ओढ वाढवता-घटवता येते असं दाखवलं. याच गटाने त्याआधी, २०१० मध्ये, फिरतं खोगीर पूर्ण बंद करून आयनाला नुसत्या लेसरच्या झोतात काही क्षण धरून ठेवलं होतं. खोगीरच नाही म्हटल्यावर थरथरही नाही. पकड मात्र नाजूक, तिथे हजारो केल्विनचा उधळलेला आयन टिकणार नाही. आधी त्याला दुसरीकडे शांत करून मगच या झोतात आणावं लागतं.

आपल्या राज्यात या कथेचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या पत्त्यांवर नांदताहेत. पुण्यात पाषाणला आयसरमध्ये उमाकांत रापोल यांच्या प्रयोगशाळेत रुबिडियमचे अतिशीत अणू आहेत. २०१७ मध्ये तिथल्या गटाने या अणूंना प्रकाशाचे ठेकेबद्ध धक्के देऊन त्यांची लाटेसारखी शिस्त कशी हळूहळू मोडते ते मोजलं. गणेशखिंडीला आयुकामध्ये शुभदीप डे यांचा गट इटर्बियमचा एकटा आयन पकडून त्याच्या सुरावर चालणारं प्रकाशीय घड्याळ बांधण्याच्या कामात आहे. केंब्रिजच्या कंडेन्सेटमध्ये सोडला होता तो याच मूलद्रव्याचा आयन, आणि ते कंडेन्सेट रुबिडियमचंच होतं. दोन्ही प्रयोगशाळांमध्ये अंतर काही किलोमीटरचं. बेंगळुरूच्या भांड्यात तेच दोन सापळे एका मिलिमीटरच्या आत एकमेकांवर बसवलेले आहेत.